उशिरा आलेले पेशंट

कोविड आला तेव्हा आमच्या शाखेत सगळ्यांत आधी बाजूला ठेवली गेली ती नाकात घालायची दुर्बीण. मी श्रीरामपुरात कान-नाक-घशाचं छोटं हॉस्पिटल चालवते. खाली ओपीडी, वर थोड्या खाटा आणि एकच ऑपरेशन थिएटर. कान तपासताना, घसा बघताना पेशंटच्या चेहऱ्यापासून माझा चेहरा वीतभर अंतरावर असतो. आरटी-पीसीआरची काडी नाकातून जिथपर्यंत घालायचे, तिथपर्यंतच मी दुर्बीण नेते. हा विषाणू सर्वांत दाट असतो तो नेमका तिथं. दुर्बीण आत गेली की पेशंट शिंकतो, खोकतो, ओकारी काढतो. वुहानमध्ये सहकाऱ्यांना या आजाराबद्दल सावध करणारे डॉ. ली वेनलियांग नेत्रतज्ज्ञ होते आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी कोविडनेच गेले. डोळ्यांचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर, आम्ही आणि भूलतज्ज्ञ, चौघांचंही काम पेशंटच्या श्वासात तोंड घालून चालतं. म्हणून मार्च २०२०मध्ये नगरला पहिला रुग्ण सापडला, तेव्हा आमची ओपीडी कशी चालवायची हा प्रश्न फिजिशियनच्या ओपीडीपेक्षा वेगळा होता.

ऑपरेशनांचं गणित आणखी वेगळं. कानामागचं हाड कोरण्यासाठी आम्ही वेगाने फिरणारा ड्रिल वापरतो. त्यावर पाणी सोडतात, आणि पाणी, रक्त, हाडाचा भुगा यांचा बारीक फवारा थिएटरभर उडतो. कानाच्या मधल्या पोकळीची नळी थेट नाकाच्या मागे उघडते, त्यामुळे नाकात जे आहे ते कानातही असू शकतं. थिएटरची हवा नेहमी आतून बाहेर ढकललेली असते, म्हणजे बाहेरची धूळ-जंतू जखमेपाशी येऊ नयेत. कोविडमध्ये हीच सोय उलटी पडली: आतला विषाणू व्हरांड्यात जायचा. मग एसी बंद करायचा, अंगावर पीपीई किट, दोन मास्क, वर चेहऱ्याची ढाल, आणि बाहेर नगर जिल्ह्यातला एप्रिल. ढाल लावली की मायक्रोस्कोपला डोळा टेकत नाही, गॉगल लावला की त्यावर वाफ धरते. इवलंसं हाड हलवायचं आणि समोर धुकं.

या सगळ्यामुळे ऑपरेशनांची वाटणी करणं भाग पडलं. श्वास अडलाय, रक्त थांबत नाही, अन्ननलिकेत काही अडकलंय, गळ्यात पू झालाय: ही लगेच करायची. कॅन्सर काही आठवड्यांत. टॉन्सिल, नाकाचं वाकडं हाड, कानाचा पडदा, घोरण्याची ऑपरेशनं पुढे ढकलायची. जगभर हेच झालं. पहिल्या लाटेतल्या बारा आठवड्यांत जगात साधारण २ कोटी ८४ लाख ठरलेली ऑपरेशनं रद्द होतील किंवा लांबतील, असा अंदाज ‘कोविडसर्ज’ या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मे २०२०मध्ये मांडला. त्यात भारताचा वाटा ५ लाख ८० हजारांच्या घरात होता.

ढकलण्यामागे डॉक्टरांची भीती होती, तसं ठोस कारणही होतं. त्याच गटाचा दुसरा अभ्यास मे २०२०च्या शेवटी ‘लॅन्सेट’मध्ये आला. चोवीस देशांतल्या २३५ हॉस्पिटलांतले १,१२८ पेशंट, ज्यांना ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झाला होता. त्यांतले जवळजवळ २४ टक्के तीस दिवसांत दगावले, आणि निम्म्यांच्या फुफ्फुसांवर परिणाम झाला. हर्नियासाठी आलेला माणूस न्यूमोनियाने जातो, तर ऑपरेशन करायचं कशासाठी? पुढे मार्च २०२१मध्ये १ लाख ४० हजार पेशंटांच्या माहितीवरून एक आकडा हाती आला: कोविड झाल्यानंतर शक्य असेल तर सात आठवडे थांबा, मग ऑपरेशनचा धोका पूर्वीसारखा होतो. तोपर्यंत आम्ही प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने तारखा देत होतो.

मोठ्या शहरातल्या वाचकांना तालुक्याच्या हॉस्पिटलची रचना माहीत नसते. माझ्याकडे पगारी भूलतज्ज्ञ नाही. आमच्या गावात कोणाकडेच नाही. भुलीचे डॉक्टर सकाळी एका मॅटर्निटी होममध्ये सिझेरियनला, दुपारी दुसऱ्या सर्जनकडे अपेंडिक्सला आणि संध्याकाळी माझ्याकडे टॉन्सिलला. तीन-चार जणांवर सगळं गाव चालतं. घशात नळी घालताना सर्वांत जास्त विषाणू अंगावर घेणारा माणूस तोच, आणि तो चौदा दिवस क्वारंटाइन झाला की एका हॉस्पिटलचं नव्हे, दहा हॉस्पिटलांचं थिएटर थांबतं. आमच्याकडे तसं झालं. त्या दोन आठवड्यांत सिझेरियनच्या बायकांना लोणीला किंवा नगरला पाठवावं लागलं. महामारीत सर्जरी का थांबते याचं उत्तर बहुतेक लोक सर्जनकडे शोधतात. माझ्या मते ते भूलतज्ज्ञाच्या मोटारसायकलीवर होतं.

नगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा: १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त, चौदा तालुके. अकोले तालुक्याच्या डोंगरातला माणूस नगरच्या सिव्हिलला यायचा म्हणजे दिवस मोडतो. आमच्या गावाला रेल्वे आहे, एसटी आहे, म्हणून राहुरी, नेवासा, राहाता इथले पेशंट येतात. गोदावरीपलीकडच्या गंगापूर, वैजापूरचेही येतात. २३ मार्च २०२०पासून एसटी थांबली. गोदावरी ओलांडली की जिल्हा बदलतो, आणि जिल्हा बदलायला ई-पास लागू लागला. ई-पास मोबाइलवर काढायचा, त्याला डॉक्टरांचं पत्र जोडायचं, आणि पत्र घ्यायला आधी डॉक्टरांकडे जायचं. जिल्ह्यांतर्गत एसटी मे महिन्याच्या शेवटी सुरू झाली, जिल्ह्याबाहेरची २० ऑगस्टला. त्या पाच महिन्यांत नदीपलीकडचे माझे पेशंट जवळजवळ दिसलेच नाहीत. त्यांचे कान वाहायचे थांबले नव्हते.

एक लहान मुलगा मात्र आला. नेवाशाच्या बाजूचा, दीड वर्षाचा. घरात सगळे अडकलेले, मोठी भावंडं शेंगा फोडत बसलेली, आणि ह्याच्या श्वासनलिकेत शेंगदाणा. दूधवाल्याच्या टेम्पोतून रात्री घेऊन आले. कोविडची तपासणी करायला वेळ नव्हता. सुरुवातीच्या त्या दिवसांत नमुने पुण्याला एनआयव्हीत जायचे, उत्तर यायला दिवस लागायचा. शेंगदाणा काढताना श्वासनलिकेत धातूची नळी घालतात, तिचं दुसरं तोंड माझ्या तोंडासमोर उघडं असतं आणि मूल त्यातूनच श्वास घेतं. आमच्या शाखेत याहून जोखमीचं काम नाही. सिस्टरांनी किट चढवता चढवता विचारलं, ‘‘मॅडम, पोरगं पॉझिटिव्ह असलं तर?’’ मी म्हणाले, ‘‘सगळेच पॉझिटिव्ह आहेत असं धरून चालायचं.’’ शेंगदाणा निघाला. पुढची दीड वर्षं आम्ही त्याच एका वाक्यावर थिएटर चालवलं.

ओपीडीचा चेहराच बदलला. आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. जीपभर माणसं येतात, एक दाखवायला आणि बाकीची सोबतीला, आणि आलोच आहोत तर आजीचाही कान बघून घ्या म्हणणारी. आता दाराशी तापाची बंदूक, सॅनिटायझर, एकाच नातेवाइकाला परवानगी, बाकीचे समोरच्या लिंबाखाली. खिडक्या उघड्या, पंखा बंद. पेशंटांमध्ये अंतर ठेवायचं म्हणून दिवसाला जितके बघायचो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके बघून व्हायचे.

उरलेले फोनवर. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याआधी फोनवर औषध लिहून देणं हे कायद्याच्या धूसर कडेवरचं काम होतं. आता कोणतं औषध पहिल्याच फोनवर देता येईल, कोणतं फक्त जुन्या पेशंटला, आणि झोपेची-नशेची कोणती औषधं अजिबात नाहीत, हे ठरलं. मला त्याचा मोठा आधार वाटला. चक्कर, सर्दी, अॅलर्जी, ऑपरेशननंतरची विचारपूस हे फोनवर छान होतं. जूनच्या सुमारास एक बाई म्हणाल्या, ‘‘मॅडम, फोडणीचा वास येईना. नाक तर मोकळंय.’’ वास आणि चव जाणं हे कोविडचं लक्षण म्हणून केंद्राच्या यादीत आलं १३ जून २०२० रोजी. त्या बाईंना मी घरातच वेगळं राहायला सांगितलं. तपासणीत त्या पॉझिटिव्ह निघाल्या.

पण फोनवरून कानात डोकावता येत नाही. कान वाहण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकात पडद्याला मधोमध भोक असतं, सर्दी झाली की पाणी येतं, औषधाने कोरडं होतं. हा प्रकार वर्षभर थांबला तरी जिवाला धोका नाही. दुसऱ्यात पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून कातडीची पिशवी आत शिरते आणि वाढत वाढत आजूबाजूचं हाड खाते. त्याला आम्ही कोलेस्टिटोमा म्हणतो. पाणी थोडंच येतं, घाण वास येतो, आणि दुखत जवळपास नाही. ते हाड पातळ आहे. एका बाजूला चेहरा हलवणारी शीर, दुसऱ्या बाजूला मेंदू. फोनवर दोन्ही पेशंट एकच वाक्य बोलतात: ‘‘कान वाहतोय.’’ आणि कागदावर दोन्हींचं नाव ‘कानाचं ऑपरेशन, पुढे ढकलता येईल’ या एकाच रकान्यात.

पाथर्डी तालुक्यातल्या एका ऊसतोड कामगार बाईंना मी फेब्रुवारीत तपासलं होतं. दुसरा प्रकार. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की ऑपरेशन करू, असं ठरलं. एप्रिल उजाडला. ऊसतोड कामगार ठिकठिकाणच्या फडांवर अडकले. गावी परतायची परवानगी मिळाली ती एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आणि गावी गेल्यावर शाळेत क्वारंटाइन. मग पेरण्या, मग एसटी नाही, मग पैसा नाही. सप्टेंबरात, पहिली लाट टोकाला असताना, त्या आल्या तेव्हा डावा डोळा मिटत नव्हता आणि चूळ भरली की पाणी ओठातून गळत होतं. कोलेस्टिटोमाने चेहऱ्याची शीर उघडी पाडली होती. ऑपरेशन केलं, पिशवी काढली, शीर मोकळी केली. चेहरा बराचसा परत आला, पूर्ण नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्यामुळे टाके निघाल्यावर त्या पुन्हा फडावर गेल्या, कानात कापूस आणि डोळ्याला पट्टी बांधून. त्यांना कोविड कधीच झाला नाही. महामारीच्या कुठल्याही आकड्यात त्या नाहीत.

तोंडाच्या कॅन्सरचं तर मला आजही वाईट वाटतं. आमच्या भागात मावा, तंबाखू-चुना आणि बायकांची मिश्री घरोघर. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा चट्टा, कमी उघडणारं तोंड: हे एरवी कोणीतरी सहज बघतं. दातांचे डॉक्टर बघतात, आम्ही घसा तपासताना बघतो, गावातले जनरल प्रॅक्टिशनर ‘जीभ दाखवा’ म्हणतात तेव्हा दिसतं. कोविडमध्ये ‘मास्क काढू नका’ हा नियम झाला. दातांचे दवाखाने बहुतेक बंद. दोन वर्षं कोणी कोणाच्या तोंडात पाहिलंच नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांची माहिती एकत्र केली गेली. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत आदल्या वर्षीपेक्षा नव्या पेशंटांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली होती आणि मोठी ऑपरेशनं ४९ टक्क्यांनी. कॅन्सर निम्मा झाला नव्हता. निम्मे लोक घरी होते.

पहिल्या लाटेत राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. नगरमध्ये बूथ हॉस्पिटल कोविडसाठी उभं राहिलं, लोणीच्या प्रवरा हॉस्पिटलने मोठा भार उचलला. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१मध्ये, भाळवणीला तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी उभारलेलं ११०० खाटांचं केंद्र राज्यभर गाजलं. ही कामं मोठी होती. पण त्या एप्रिलमध्ये सर्जरी थांबली ती भीतीने नाही, वस्तू नसल्यामुळे. ऑक्सिजनचे जंबो सिलिंडर मिळेनात. भूल देताना लागणारी स्नायू शिथिल करणारी इंजेक्शनं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांना लागत होती, ती बाजारातून नाहीशी झाली. माझे दोन भरलेले सिलिंडर शेजारच्या कोविड सेंटरला गेले आणि थिएटरला कुलूप लागलं. ते द्यायलाच हवे होते.

मग मेमध्ये काळ्या बुरशीने आमची शाखा एकदम पुढे आणली. म्युकरची बुरशी माती, शेणखत, शिळ्या भाकरीवर सगळीकडे असते आणि धडधाकट माणसाच्या नाकातून रोज जाते-येते. साखर खूप वाढलेली असेल आणि स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबलेली असेल, तर ती नाकात रुजते, रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवते, आणि रक्त न मिळालेला भाग मरून काळा पडतो. स्टेरॉइडने ऑक्सिजनवरच्या कोविड पेशंटांचे जीव वाचतात हे जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं होतं: दिवसाला ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस. आमच्याकडे ते घरी बसलेल्यांनीही घेतलं, आजाराच्या पहिल्या दिवसापासून, चिठ्ठीवरून चिठ्ठी उतरवून, दुप्पट-तिप्पट डोसात, आणि साखर कोणी तपासली नाही. २८ जून २०२१पर्यंत देशात ४०,८४५ म्युकरचे रुग्ण नोंदले गेले होते. त्यांतले ६४ टक्के मधुमेही होते आणि ५३ टक्क्यांना स्टेरॉइड मिळालेलं होतं.

माझ्याकडे हे पेशंट दाताची तक्रार घेऊन यायचे. ‘‘वरची दाढ हालतीय, गाल बधिर झालाय.’’ एका बाजूचं डोकं ठणकतंय, नाकातून काळपट खपली पडली, एकाच्या दोन वस्तू दिसतात. वर्षभर जपून वापरलेली दुर्बीण आता रोज काढावी लागली. खपलीचा तुकडा काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की तासाभरात बुरशीच्या रुंद, रिबनसारख्या पट्ट्या मायक्रोस्कोपखाली दिसतात. मग एक दिवसही दवडायचा नसतो. मेलेला भाग रक्त दिसेपर्यंत खरवडून काढायचा, कधी टाळू, कधी वरचा जबडा, कधी डोळा. नाकापुरती बुरशी मी साफ करू शकत होते. डोळ्यामागे, मेंदूजवळ गेली की नेत्रतज्ज्ञ, न्यूरोसर्जन, जबड्याचे सर्जन आणि आयसीयू एका छताखाली लागतात. त्यासाठी लोणी, नाशिक, पुणे. अॅम्फोटेरिसिन दुकानात मिळत नव्हतं, सरकारी वाटपातून यायचं. साठ किलोच्या माणसाला लायपोसोमल प्रकारच्या दिवसाला सहा बाटल्या, आठवडेच्या आठवडे, आणि हाती येत होत्या दोन. केंद्राने २० मे २०२१ रोजी राज्यांना हा आजार नोंदणीयोग्य करायला सांगितलं. महाराष्ट्राने महात्मा जोतीराव फुले योजनेतून निवडक हॉस्पिटलांत उपचार मोफत केले, त्याने कितीतरी घरं वाचली.

ज्यांचा टाळू काढला, त्यांना कृत्रिम टाळू बसवावा लागतो, नाहीतर चहा नाकातून बाहेर येतो आणि शब्द कळत नाहीत. वर्ष-दोन वर्षांनी जखम आक्रसते, टाळू सैल होतो, नवा करावा लागतो. माझे असे पेशंट आजही येतात. त्यांची महामारी संपलेली नाही.

मला वाटतं ते स्पष्ट सांगते. पुढची साथ येईल तेव्हा प्रत्येक तालुक्यात एक तरी हॉस्पिटल त्या साथीच्या पेशंटांपासून पूर्ण वेगळं ठेवायला हवं, फक्त बाकीच्या ऑपरेशनांसाठी. ही माझी कल्पना नाही. ५५ देशांतल्या ९,१७१ कॅन्सर पेशंटांच्या अभ्यासात, कोविडपासून वेगळ्या ठेवलेल्या जागी ऑपरेशन झालं तर फुफ्फुसांचा त्रास २.२ टक्क्यांना झाला, वेगळं न ठेवलेल्या जागी ४.९ टक्क्यांना. गावातले भूलतज्ज्ञ दोन गटांत वाटावेत, म्हणजे एक गट घरी बसला तरी दुसरा चालू राहील. आणि ढकललेल्या प्रत्येक ऑपरेशनपुढे ‘जास्तीत जास्त कधीपर्यंत’ ही तारीख हवी. पडदा वर्षभर थांबेल, कोलेस्टिटोमा तीन महिन्यांवर नको, बहिऱ्या बाळाचं कॉक्लिअर इम्प्लांट तर बोलणं शिकण्याच्या वयातच झालं पाहिजे, ती वर्षं परत मिळत नाहीत.

तारीख पाळायला माणूस लागतो, आणि तो आपल्याकडे आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०च्या दशकापासून गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्या आजार ओळखायला शिकल्या. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर ताप आणि ऑक्सिजन तपासत फिरल्या. अशीच फेरी काही महिने आधी झाली असती आणि तीत ‘तोंडात जखम आहे का, कानातून घाण वासाचं पाणी येतं का’ हे दोन प्रश्न विचारले गेले असते, तर माझ्या पाथर्डीच्या बाई सप्टेंबरऐवजी एखादा महिना आधी आल्या असत्या. त्या एका महिन्यात चेहरा वाचतो. अर्थात आशाताईंना सप्टेंबरच्या फेरीचं मानधनही धड मिळत नव्हतं, तेही सुधारायला हवं.

ऑक्टोबर २०२१मध्ये, राज्य उघडत असताना, आपल्या जिल्ह्यातली ६१ गावं दहा दिवस पुन्हा बंद झाली, सर्वांत जास्त संगमनेर तालुक्यातली. तेव्हा तिसऱ्यांदा तारीख बदललेल्यांपैकी काही जण पुन्हा आलेच नाहीत. त्यांचे फोन नंबर बदलले, काही कामासाठी बाहेरगावी गेले. त्यांच्यापैकी कोणी, किंवा त्यांच्या घरचं कोणी हे वाचत असेल तर सांगते: कान दुखत नाही म्हणून तो बरा झाला असं धरू नका. घाण वासाचं पाणी थोडं थोडं येत असेल, ऐकू कमी येत चाललं असेल, तर जवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, माझ्याकडेच यायला हवं असं नाही. जुना केसपेपर सापडला नाही तरी चालतं. कान नव्याने तपासता येतो.